मेहरुनबीला आलेली मापं

रहिमतपुरात मेहरुनबी नदाफबद्दल बरं बोलणारं माणूस सापडणं अवघड. मी तिच्याकडे अकरा वर्षं ब्लाऊज शिवून घेतले आणि त्यातले दोन तिने माझ्या अंगावर फेकले. एकदा मी ‘जरा सैल ठेवा’ म्हणाले म्हणून, आणि एकदा शिवून झाल्यावर गळा थोडा मोठा वाटतोय असं म्हणाले म्हणून. ‘‘गळा बरूबर हाय, बाई. तुमी वाळलाय,’’ असं ती चारचौघींत म्हणाली होती. मी शाळेत शिकवते, त्यामुळे गावात मला थोडाफार मान आहे. मेहरुनबीच्या उंबऱ्यापर्यंत तो पोचत नसे.

तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या पडवीत तिचा नवरा चांदसाहेब गाद्या भरायचा. तो मवाळ माणूस. बायकोचं भांडण सुरू झालं की तो कापसाच्या ढिगाकडे तोंड करून बसायचा. मेहरुनबी मूळची कोयनानगरची. तिचा बाप धरणाच्या वसाहतीत वॉचमनांचे गणवेश शिवायचा. भूकंपाचा हादरा बसला की लोक बाहेर पळायचे आणि हा आधी कापलेलं कापड घडी करून ठेवायचा, मग बाहेर यायचा. मेहरुनबीचा स्वभाव कुठून आला ते यावरून समजावं. चुकीचं माप तिला शिवीसारखं लागायचं.

सोनिया तिच्याकडे तीन वर्षं शिकायला होती. आकाराम आणि रंगूबाईंची थोरली मुलगी, त्याच आळीतली. आकाराम सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, दोन एकर ऊस, आवाज मोठा. बारावीनंतर मुलीचं लग्न जमेपर्यंत तिने हातात काहीतरी धरावं म्हणून त्याने तिला मेहरुनबीकडे घातली. मुलगी हुशार होती, पण घाई करायची. मेहरुनबीने तिला लाकडी पट्टीने बोटांवर मारलं आहे, शिवलेलं सगळं उसवून परत शिवायला लावलं आहे. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाची बाही सोनियाने उलट्या अंगाने कापली, तेव्हा तिने तिला सगळ्यांदेखत हाकलून दिली. संध्याकाळी आकाराम दुकानासमोर येऊन उभा राहिला.

‘‘माझ्या पोरीवर हात उचलणारी तू कोण गं?’’

‘‘तिची मास्तरीण. आन आता तीबी न्हाई. घरी घिऊन जा.’’

तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद झालं. सहा महिन्यांनी सोनियाचं लग्न झालं. सांगलीपासून आठ-नऊ किलोमीटरवर कृष्णाकाठच्या गावात दिलं. मुलाचं नाव वीरधवल, ऊस भरपूर, शिवाय खताचं दुकान. नदाफांना आमंत्रण नव्हतं. लग्नाचे फोटो कुणीतरी मेहरुनबीला मोबाइलवर दाखवले, तर तिने नवरीच्या ब्लाऊजची खांद्यावरची चुणी बोटांनी मोठी करून पाहिली आणि मनापासून खूश झाली.

दीड वर्षाने दिवाळीच्या आधी तिच्या व्हॉट्सॲपवर निरोप आला. ‘चाची, मी सोनिया. सासूबाईंचे चार आणि माझे दोन ब्लाऊज शिवायचे आहेत. इथं त्यांना कुणाची शिलाई पसंत पडत नाही. मापं पाठवते.’

मेहरुनबी ते पुसूनच टाकणार होती. पण दिवाळीचं काम होतं. तिने सासूची मापं वहीत उतरवली, मग सोनियाची उतरवायला घेतली आणि तिथंच थांबली. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीचं माप तिच्या वहीत असायचं, कारण मुली एकमेकींवरच माप घ्यायला शिकायच्या. सोनियाचं पान तिने काढलं. छाती चौतीस, दंड साडेअकरा. आता आलेलं माप होतं छाती एकतीस, दंड नऊ.

तिने लगेच मोबाइल तोंडाजवळ धरला आणि आवाजी निरोप पाठवला. तिला लिहायचा कंटाळा होता, बोलायचा नव्हता. ‘‘टेप उलटी धरली व्हतीस का गं? साडेअकराचा दंड न्हऊ कसा हुईल? तीन वर्सं माझ्याकडं काय शिकलीस, शेण? परत माप घे.’’

उत्तर आलं, ‘चाची, परत घेतलं. नऊच आहे.’

मेहरुनबीने ते मानलं नाही. तिने हट्टाने जुन्या मापावर दोन्ही ब्लाऊज शिवले आणि पार्सल पाठवून दिलं. चार दिवसांनी सासूचा फोन आला आणि त्यानंतर पुरावा म्हणून फोटो. फोटोत ब्लाऊज सोनियाच्या अंगावर उशीच्या अभ्र्यासारखा लोंबत होता. मेहरुनबी तो फोटो बराच वेळ बघत राहिली. ब्लाऊज कुठंच चुकला नव्हता. आतली बाई कमी झाली होती.

तरी ती गप्पच बसली असती. ‘सासरी गेल्यावर पोरी वाळत्यात,’ असं ती तेव्हा चांदसाहेबाला म्हणाली होती. संक्रांतीनंतर दुसरं काम आलं, सोनियाचा एकच ब्लाऊज. मापात शेवटी दोन ओळी होत्या. ‘उजवा दंड नऊ. डावा दंड बारा.’

दोन्ही दंडांचं माप कुणी पाठवत नाही. शिंपी एकच दंड मोजतो आणि दोन्ही बाह्या त्यावर कापतो. हे मेहरुनबीने स्वतः पट्टी मारून शिकवलं होतं. तिने टेप काढला, स्वतःचा एक दंड मोजला, दुसरा मोजला. मग पडवीत गेली.

‘‘आवं, एक हात दुसऱ्यापेक्षा तीन इंचानं मोठा कवा हुतो?’’

चांदसाहेब म्हणाला, ‘‘सुजल्यावर.’’ मग त्याने कुणाचा ते विचारलं आणि ऐकल्यावर मान हलवली. ‘‘त्यात आपुन पडायचं न्हाई. त्यांची पोरगी, त्यांचं सोयरं. आपल्याला हितं ऱ्हायाचंय.’’

हे बरोबरच होतं, आणि मेहरुनबीला ते कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही काखेत मारून आकारामच्या दारात गेली. काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. आकाराम ओट्यावर बसला होता. तिने वही उघडून दोन्ही पानं त्याच्यापुढे धरली. त्याने वहीकडे पाहिलंच नाही.

‘‘टेपच्या आकड्यावरनं तू माझ्या जावयाला मारकुटा ठरवणार?’’

‘‘मी काय ठरवत न्हाई. तुमी जाऊन पोरीचा हात बघा.’’

त्याने तिथंच सोनियाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे कुणीतरी खोकलं, मग सोनिया म्हणाली, ‘‘मी बरी हाय, अण्णा. सगळी बरी हायत.’’ आकारामने फोन ठेवला.

‘‘ऐकलंस? आता ऊठ. माझ्या पोरीचं चांगलं झालेलं तुला बघवंना. पुन्हा या दारात आलीस तर पाय मोडीन.’’

रंगूबाई आत चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती फाटकापर्यंत मेहरुनबीच्या मागे आली, वही मागून घेतली, बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले. मेहरुनबीला वाटलं, ही आई आहे, हिला कळलं. रंगूबाईने वही मिटून परत दिली.

‘‘धाकटीचं जमायचंय औंदा,’’ ती म्हणाली. ‘‘थोरली परत आली तर हिला कोण करणार? तू तिला काय भरवू नकोस. बाईच्या जातीनं सोसावं लागतंय.’’

मेहरुनबीने तिला काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पण ते अर्ध्या आळीने ऐकलं.

यानंतर तिने सोनियाला सरळ विचारायला हवं होतं असं कुणी म्हणेल. तेवढी अक्कल तिला होती. दिवाळीपासून त्या मुलीने एकदाही बाकी काही लिहिलं नव्हतं, नुसती मापं. खरं कारण सोनियाने मला पुढे सांगितलं. तिचं व्हॉट्सॲप वीरधवलच्या खताच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. तिने लिहिलेला प्रत्येक शब्द तो गिऱ्हाईक नसताना बसून वाचायचा. माहेरचा फोन सासूसमोर स्पीकरवर. एका मैत्रिणीला तिने एकदाच ‘इथं करमत नाही’ असं लिहिलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा मार बसला. ब्लाऊजची मापं मात्र तो वरवर बघून सोडून द्यायचा. बायकांचे आकडे त्याला कंटाळवाणे वाटायचे.

‘‘मग चाचीच का?’’ मी तिला विचारलं होतं. ‘‘ती तर तुला शिव्याच द्यायची.’’

‘‘म्हणूनच,’’ सोनिया म्हणाली. ‘‘दुसऱ्या कुणी चुकीचं माप गप शिवून दिलं असतं.’’

फेब्रुवारीत तिसरं माप आलं. या वेळी ते जावेच्या पाच वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचं होतं. ‘छाती २५. उंची २७. कंबर १६.’ मेहरुनबी भडकली. पाच वर्षांच्या पोरीची छाती पंचवीस असली तर असेल, पण मग कंबर सोळा कशी? मुंगी आहे का पोरगी? ती मोबाइल तोंडाशी नेणार, तेवढ्यात तिची नजर कपाटातल्या कापलेल्या तुकड्यांवर गेली.

तिच्या दुकानाची एक खूण होती. काज-बटणाचं काम ती बाहेर एका बाईकडे द्यायची, आणि त्या बाईने तिची दोन-तीन गिऱ्हाइकं पळवली होती. तेव्हापासून कपड्याच्या तुकड्यावर मेहरुनबी गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसे, खडूने आकडा टाकायची. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, ग तीन, असं मुळाक्षरांच्या ओळीने. नावातलं पहिलं अक्षर जितकं पुढे, तितका आकडा मोठा. ही खूण शिकायला आलेल्या मुलींनाच माहीत होती.

तिने खडू घेतला आणि कापायच्या फळीवर क पासून मोजत गेली. पंचविसावं अक्षर म. सत्ताविसावं र. सोळावं त.

म, र, त. चौथी शिकलेल्या बाईलाही त्यातल्या काना-मात्रा लावायला वेळ लागला नाही. तिने फळी पदराने पुसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होती, आणि तेही भांडल्यासारखं. ‘‘बाई, तुमी शिकलेल्या हाय म्हनं. असल्या येळंला कुनाकडं जायाचं?’’ खरं सांगायचं तर मला यात पडायचं नव्हतं. आकारामचा धाकटा भाऊ आमच्या शाळेच्या समितीवर होता. मी ‘बघते’ म्हणाले. ती माझ्या टेबलासमोरून हललीच नाही. शेवटी मी सांगलीतल्या महिलांच्या मदत केंद्राचा नंबर शोधला आणि फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मुलीने स्वतः सांगितलं तर आम्ही पोलीस घेऊन येऊ, पण घरात शिरणं अवघड आहे. ती बाहेर कुठे, कधी भेटेल ते कळवा.

म्हणून मेहरुनबीने सोनियाला फ्रॉकबद्दल आवाजी निरोप पाठवला. नेहमीसारखाच तावातावाने. ‘‘ही कसली मापं गं? पोरीचा फ्रॉक हाय का बाहुलीचा? मी सांगती तसं घे. बाही एक इंच, घेर एकोणीस. आसं पायजेल का? नीट मोजून सांग.’’

एक म्हणजे क, एकोणीस म्हणजे ध. कधी.

सोनिया सांगते की तो निरोप वीरधवलने सगळ्यांसमोर मोठ्याने वाजवला आणि सासूसुद्धा हसली. उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘गळा ३, उंची २७. आणि खाली झालर लावायची आहे त्याची मापं १८, २९, २, २०.’ तीन ग, सत्तावीस र. गुरुवार. झालरीचे आकडे जुळवल्यावर द, व, ख, न. दवाखाना कुठला हे गावाला माहीतच होतं. रंगूबाई स्वतः सांगत फिरायची, सासरची माणसं एवढी चांगली की मूल व्हावं म्हणून सोनियाला सांगलीच्या मोठ्या बाईंकडे नेतात.

पण इथे वीरधवलला थोडा वास लागला. त्याने सोनियाच्या फोनवरून थेट मेहरुनबीला फोन केला. मी तेव्हा दुकानात होते, अस्तर द्यायला गेले होते.

‘‘एका फ्रॉकला किती मेसेज करता?’’ तो शांत आवाजात म्हणाला. ‘‘काय चाललंय नेमकं?’’

मेहरुनबीने क्षणभरही वाट पाहिली नाही. ‘‘काय चाललंय? तुमच्या बायकूला माप घ्याया येत न्हाई, त्ये चाललंय. तुमीच का घेत न्हाई टेप हातात? मापं चुकीची धाडायची, कापड वाया गेलं की तुमची आई मला फोनवर नावं ठेवनार. परत माझ्या मोबाइलवर फोन करू नगा. गड्यामानसाशी ब्लाऊज-फ्रॉकाचं बोलायला मी मोकळी न्हाई.’’

तिने फोन तोडला. चेहरा नेहमीचाच होता, चिडलेला. पलीकडे, सोनिया सांगते, वीरधवल आईला म्हणाला, ‘‘ही बाई खुळी हाय,’’ आणि विषय संपला. तिची बदनामी तिच्या उपयोगी पडलेली मी तेव्हाच पाहिली.

गुरुवारी मेहरुनबी आणि चांदसाहेब सकाळच्या गाडीने सांगलीला गेले. चांदसाहेब येणार नाही म्हणत होता, मग चप्पल घालून आधीच फाटकात उभा राहिला. केंद्रातल्या बाई आणि एक महिला पोलीस दवाखान्यासमोर आल्या होत्या. एक वाजेपर्यंत सगळे थांबले. सोनिया आलीच नाही. दवाखान्यात पंधरा दिवसांनी एकदा यायचं असतं आणि हा मधला गुरुवार होता, हे आकड्यात मावलं नव्हतं. केंद्रातल्या बाई चिडल्या. ‘‘फ्रॉकच्या मापावर आम्ही पोलीस बोलावले असं मी वर काय सांगू?’’ घरी आल्यावर चांदसाहेबाने मेहरुनबीला पहिल्यांदाच सुनावलं की तुझ्या तोंडानं आधीच निम्मं गाव तुटलंय, आता उरलेलं तुटणार.

पुढच्या गुरुवारी ती एकटीच जाणार होती. मी केंद्राला परत फोन केला, रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. यात माझी काही बहादुरी नव्हती. ती माझ्या दारात सकाळी सातला येऊन उभी राहिली होती.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सोनिया खाली मान घालून बसली होती. मी तिला ओळखलंच नाही. शेजारी सासू, हातात फाईल. वीरधवल खाली गाडीत. महिला पोलीस अजून पोचली नव्हती, आणि डॉक्टरबाईंनी आत बोलावलं तर सासू तिच्याबरोबर आत जाणार, मग सगळे मागच्या जिन्याने निघून जाणार, असं सोनियाने पुढे सांगितलं. वेळ काढायला हवा होता. मेहरुनबी सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिली.

‘‘तुमीच का सोनियाच्या सासूबाई? मी रहिमतपूरची. ज्या बाईच्या शिलाईला तुमी फोनवर नावं ठेवलीसा ती.’’

सासू गडबडली. ‘‘इथं काय काम?’’

‘‘काम हायच. पंचवीस वर्सांत माझा ब्लाऊज कुनी परत केला न्हाई. हिचं माप आता मी सोता घेनार, हितंच. समद्यास्नी कळू दे कुनाचं चुकलंय.’’

तिने पर्समधून टेप काढला. बसलेल्या बायका बघायला लागल्या. सासू उठून मध्ये आली, ‘‘सोड तिला’’ म्हणाली, पण मेहरुनबीने सोनियाचा हात धरला होता आणि बाही वर सरकवली होती. दंडावर जुनं पिवळं आणि नवं जांभळं असं दोन्ही होतं. टेप तिने लावलाच नाही. समोरची एक म्हातारी बाई म्हणाली, ‘‘अगं बाई, हे काय.’’

आरडाओरडा ऐकून वीरधवल वर आला. त्याने मेहरुनबीला ढकललं. ती बाकावर आपटली, चष्मा खाली पडून फुटला. ‘‘या बाईला कोण घेऊन आलं? चल सोनिया, घरी.’’ सोनिया उठली. मला वाटलं, झालं, संपलं, ही जाणार. त्याच वेळी केंद्रातल्या बाई आणि महिला पोलीस जिना चढून आल्या. पोलीसबाईंनी वीरधवलला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि सोनियाला एकच प्रश्न विचारला, घरी जायचं आहे का.

सोनिया नवऱ्याकडे बघत म्हणाली, ‘‘न्हाई. मला जायाचं न्हाई.’’

वीरधवल हसला. ‘‘माहेरचं कोण उभं करणार नाही तुला. तुझ्या बापाला मी आत्ता फोन लावतो.’’ त्याने लावला. आकाराम काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण वीरधवलने फोन स्पीकरवर टाकला नाही, एवढं मात्र मी पाहिलं. सोनिया पोलीसबाईंच्या मागे जिना उतरून गेली. चष्म्याच्या काचा मीच गोळा केल्या.

ती त्या दिवशी सुटली, पण रहिमतपुरात त्याची किंमत दुसऱ्याच घराने मोजली. दोन दिवसांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागलं की नदाफांच्या बाईने मराठ्याच्या लेकीला फूस लावून पळवली. त्याच्याखाली जे लिहिलं होतं ते नदाफांच्या घराबद्दल नव्हतं, सगळ्या जमातीबद्दल होतं. त्या ग्रुपमध्ये मीही होते, आमचे मुख्याध्यापकही होते. मी खरं काय ते लिहिलं, तर मला ग्रुपमधून काढलं. आकाराम दुकानासमोर येऊन ‘माझं घर फोडलंस’ म्हणून ओरडून गेला. कुणीतरी दुकानाच्या पाटीवर शेण मारलं. चांदसाहेबाला त्या उन्हाळ्यात लग्नाच्या गाद्यांचं एकही काम मिळालं नाही. तो कोरेगावला दुसऱ्या गादीवाल्याच्या हाताखाली जायला लागला, आणि त्याने बायकोला त्यावरून कधीच काही म्हटलं नाही. पाटी धुतली ती त्यानेच.

मेहरुनबीकडचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. ज्या बायका येत राहिल्या त्यांच्याशीही ती गोड बोलायला शिकली नाही. उलट, ‘‘ग्रुपवर तुज्या नवऱ्यानं काय लिवलं ते मला म्हाईत हाय,’’ असं सांगून ती माप घ्यायची. मी एकदा म्हणाले, आता जरा नमतं घ्या. ती म्हणाली, ‘‘कशाला? मी काय चुकीचं कापलं?’’

सोनिया पाच महिने निवाऱ्यात राहिली. आता ती साताऱ्यात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम करते आणि दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. खटला चालू आहे. नवऱ्याने तिच्याजवळ येऊ नये असा हुकूम झाला आहे. मेहरुनबीची साक्ष झाली तेव्हा समोरच्या वकिलाने तिला बराच वेळ छळलं. पंचवीस, सत्तावीस, सोळा याचा अर्थ ‘मारतो’ हे तुम्ही ठरवलं, ‘मारुती’ का नाही, ‘मूर्ती’ का नाही, असं तो विचारत होता. मेहरुनबी म्हणाली, ‘‘मूर्तीचा दंड सुजत न्हाई, वकीलसाहेब.’’ न्यायाधीशांनी तिला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं.

रंगूबाई तिच्या दुकानात आली ती यंदा ऑगस्टमध्ये. मी तिथे होते म्हणून हे मला माहीत. धाकटीचं लग्न ठरून मोडलं होतं, थोरलीमुळे नव्हे, मुलाकडच्यांनी मोठी गाडी मागितली म्हणून. रंगूबाई आत आली नाही, पायरीवर उभी राहिली.

‘‘सोनीचा नंबर हाय का गं तुझ्याकडं? जुना लागत न्हाई.’’

मेहरुनबीने मशीन थांबवलं नाही. ‘‘हाय.’’

‘‘दे की.’’

‘‘तिला इचारल्याबिगर देत न्हाई.’’

‘‘मी आई हाय तिची.’’

‘‘म्हाईत हाय.’’ तिने शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि मोबाइल घेतला. तिने आवाजी निरोप पाठवला, या वेळी सरळ, आडपडदा न ठेवता. ‘‘सोनिया, तुजी आई दारात उभी हाय. नंबर मागती. देऊ का?’’

आम्ही तिघी थांबलो. कारखान्यात जेवणाची सुट्टी असावी, कारण उत्तर लगेच आलं. मेहरुनबीने ते वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

‘‘काय म्हनली?’’

‘‘नगं म्हनली.’’

रंगूबाईने पदर तोंडाशी धरला. ती पायरीवर बसली. मेहरुनबीने तिला पाणी विचारलं नाही, आणि उठून जा असंही म्हटलं नाही. मशीन परत सुरू झालं. दहा-पंधरा मिनिटांनी रंगूबाई उठली, रस्ता ओलांडला आणि आपल्या आळीत वळली.